पंधरा अंश

चोवीस डिसेंबर, सेगेद.
प्रयोगशाळेत मी एकटी, आणि बत्तीस सोनमासे.
पिरोश्काबाई माहेरी गेल्यात,
जाताना वहीत लिहून:
सातला दिवा. कल मोज. खाऊ बेतानं.

खाली चौकात हौदातून कार्प काढताहेत,
लाल मिरचीच्या रश्श्यासाठी रांग वळणापर्यंत.
घरोघर आज मासा शिजणार,
आणि मी तिसऱ्या मजल्यावर
माशाच्या डोळ्यातल्या मूठभर पेशी
मरू नयेत म्हणून थेंब मोजतेय.
हसू येतं. येऊ दे.

त्या पेशी खरंच मूठभर.
डोळ्याच्या पडद्यात इकडे एक, तिकडे एक,
माळावरच्या झाडांइतक्या विरळ,
फांद्या मात्र लांबवर पोचलेल्या.
उजाडलं की त्या शेजारणींना सांगतात,
उजाडलं गं, आता डोळे जरा आवरा.
सांगून झालं की सांडलेला निरोप
वेचून परत घरात घेतात,
धान्य सांडू न देणाऱ्या बाईसारख्या.
त्यासाठी एक लहानसं दार.

विष त्याच दारानं येतं.
निरोपासारखाच बांधा, तीच चाल,
अंगावर ऑक्सिजनची एक गाठ तेवढी जास्त.
पेशी ओळख पटवते, ये म्हणते.
आत आल्यावर ते पेटतं.

म्हणून आम्ही आधी दुसरं एक औषध सोडतो.
ते जाऊन दारात बसतं. लढत नाही, नुसतं बसतं.
पाहुणा असो की चोर, कुणालाच वाट नाही.
पेशीचा स्वतःचा निरोपही मग
बाहेर ताटकळत राहतो.

आणि हो, विषही आम्हीच टोचतो.
हे बाबांना मी नीटसं सांगितलेलं नाही.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा
वरच्या देशातल्या खाणीतून सायनाइड आलं,
बर्फाखालून, तिसा नदीतून.
बाबा होडीत उभे राहून आकड्यानं मासे ओढत होते,
विकायला नाही, पुरायला.
त्यात एक मोठा वाम्बट मासा, ओठ फाटलेला.
बाबांनी त्याला दोनदा पकडून दोनदा सोडलं होतं.
त्याला त्यांनी पोत्यात टाकलं नाही,
कोटात गुंडाळून आणलं.
आई कोटासाठी भांडली.
त्या विषाला दारबीर नव्हतं,
ते सगळीकडून आलं होतं.

सात. दिवा लावते.
नुसतं विष मिळालेले आठ मासे
एका बाजूला कलतात, टोचलेल्या डोळ्याकडे,
पंधरा अंश, कुणी सोळा.
त्या डोळ्याला आवर म्हणणारं कुणी उरलं नाही,
त्याला दिवा जास्तच दिसतो,
आणि मासा बिचारा त्या जास्तीच्या उजेडाखाली
स्वतःला सरळच समजतो.

दारात राखणदार बसवलेले आठ
ताठ पोहतात, अगदी कवायतीतल्यासारखे.
सात, म्हणायला हवं.
सतरा नंबर चार अंश कलतो.
पुन्हा मोजते. चार.
बाईंना हा आकडा आवडणार नाही.
लिहिते, चार.

फोन वाजतो. गेर्गेय बाबा.
मागे पातेल्याचा आवाज, बटाट्यांचा;
त्या वर्षापासून आमच्याकडे या रात्री मासा नसतो.
"वाचवलेस का गं मासे?"
थोडे, म्हणते.
"थोडे म्हणजे किती?"
सात, म्हणते. आणि एक जवळजवळ.
पलीकडे बराच वेळ फक्त पातेलं.
मग म्हणतात, "त्या जवळजवळला
आज जास्त खायला घाल."

वहीत बेतानं लिहिलंय.
मी सतरा नंबरच्या काचेपाशी वाकते,
चिमटीत दोन दाणे जास्त.
तो वर येतो, वाकडाच.
त्याला सरळ पाहायला
मला मान कलती करावी लागते.